ऐकू न आलेली शीळ

ऑफिसात सगळे तिला शिफारसबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. गेली अकरा वर्षं ती एका वेबसाइटवर दर शुक्रवारी नव्या गाण्यांची यादी लिहीत होती. सात गाणी, प्रत्येकाखाली ऐंशी-नव्वद शब्द. मोठ्या कंपन्यांची गाणी त्यात नसत. कुणी झोपायच्या खोलीत गाद्या भिंतीला टेकवून रेकॉर्ड केलेलं, कुणी नोकरी सांभाळून रविवार-रविवार जुळवलेलं, असं इंडी-पॉप त्यात असे. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांच्यासाठी आपण दोन शब्द बोलायचे, असं तिनं पहिल्या वर्षी ठरवलं होतं आणि अगदी मनापासून ठरवलं होतं.

त्या वर्षी एखादं गाणं आवडलं की तिला दम निघत नसे. नवरा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत असायचा आणि हिचा फोन जायचा. तो बिचारा फोन काउंटरवर ठेवून गिऱ्हाईकासकट ते गाणं ऐकायचा. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा घेतला नाही, पण गाण्याचं नाव तेवढं चिठ्ठीवर लिहून नेलं.

आता आठवड्याला दीडशे गाणी यायची. प्रत्येकासोबत चार ओळींची माहिती, एक फोटो आणि ‘तुमच्या दोन शब्दांनी आम्हाला खूप फरक पडेल’ असं एक वाक्य. ते वाक्य खोटं नसायचं, आणि त्याचाच तिला जास्त शीण व्हायचा. दीडशेतली सगळी ऐकणं कधीच बंद झालं होतं. आधी पन्नास ऐकायची, मग तीस. मग प्रत्येकाचं पहिलं एक मिनिट. शब्दांचीही ओढाताण व्हायला लागली होती. तिनं एक कागदच करून ठेवला होता. त्यावर ‘हळवं’, ‘उबदार’, ‘मनात घर करणारं’ असे शब्द आणि ते शेवटचे कधी वापरले त्याची तारीख. तीन आठवड्यांच्या आत तोच शब्द पुन्हा नको, असा नियम. ‘मनात घर करणारं’वर लाल काट होती. एका महिन्यात चार गाण्यांनी तिच्या मनात घर केलं होतं, आणि खाली एका वाचकानं विचारलं होतं की बाई, अजून एखादी खोली रिकामी आहे का.

त्या गुरुवारी काही विशेष घडलं नव्हतं. तिला ताप नव्हता, घरी भांडण झालं नव्हतं. सहा गाणी लिहून झाली होती, सातवं राहिलं होतं. चार वाजून गेले होते आणि पाचला यादी द्यायची होती. तिनं ढिगातलं एक गाणं लावलं. ‘ओला जिना’ असं त्याचं नाव. गिटारचे दोन सूर, मग एका बाईचा जरा बसका आवाज. चाळीस सेकंद झाले असतील, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं प्रिंटरमध्ये कागद अडकलाय म्हणून हाक मारली. कागद ओढून काढण्यात दहा मिनिटं गेली. परत येऊन बसल्यावर शिफारसबाईनं गाणं पुन्हा लावलं नाही. सोबत आलेली माहिती वाचली. गाणारी बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिनं लिहिलं होतं, ‘शेवटच्या अर्ध्या मिनिटात माझ्या दादाची शीळ आहे. तो कारखान्यात लेथवर काम करताना हीच शीळ घालतो.’

शिफारसबाईनं लिहिलं:

‘पहिल्यांदा ऐकताना हे गाणं हातातून निसटतं, दुसऱ्यांदा ऐकताना हात धरून ठेवतं. आवाजात दिवसभराच्या कामाचा थकवा आहे आणि त्या थकव्याचीच गोडी आहे. पण खरी गंमत शेवटी. यंत्रासमोर उभं राहून आयुष्य काढलेल्या एका भावाची शीळ येते आणि गाण्याचं घर होतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी हे गाणं ऐका. मी काल चार वेळा ऐकलं.’

पाचला यादी गेली. सव्वापाचला ती बसस्टॉपवर होती आणि काय लिहिलं ते विसरलीही होती.

दोन महिन्यांनी लॅबवालीचं पत्र आलं. लांबलचक ईमेल होती, पण मुद्देसूद. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला नोंदी नीट लिहायची सवय असते, तसं.

तिनं लिहिलं होतं, की मॅडम, गाण्यात शीळ नाही. आधी होती. मी माहिती लिहून ठेवली तेव्हा होती. नंतर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, शीळ सुरात नाही, खाली लागलीय, काढून टाकू. मी काढू दिली. माहिती बदलायची राहून गेली आणि दादाला सांगायचंही राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं नाही, मी टाळलं. तुमचं लिखाण वाचलं तेव्हाच मला कळलं की तुम्ही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. पण तुमच्यामुळे ते हजारभर लोकांनी ऐकलं. म्हणून मी गप्प बसले.

दादानं मात्र तो मजकूर छापून घेतला, हत्यारांच्या कपाटाच्या दारावर चिकटवला आणि जेवणाच्या सुट्टीत गाणं लावलं. शीळ ऐकू आली नाही. त्याला वाटलं, फोनचा आवाज बारीक आहे. मग हेडफोन आणले. तरी नाही. शेजारच्या मशीनवरच्या दोघांना ऐकवलं. त्यांनाही नाही. पण तेही वीस-वीस वर्षं त्याच खडखडाटात उभे होते. शिवाय तुमच्या लिखाणाखाली अकरा जणांनी लिहिलं होतं, आणि त्यातल्या तिघांना शीळ फार आवडली होती. दादा मला म्हणाला, इतक्या लोकांना येते आणि मलाच येत नाही. मी म्हणाले, हेडफोन साधा असेल तुझा.

पुढचं तिनं थोडक्यात लिहिलं होतं. दादानं कान तपासून घेतले. तपासणीत खरंच निघालं, की उंच आवाज त्याला जवळजवळ येत नाहीत. सव्वीस वर्षं लेथवर उभं राहिल्याचा परिणाम. त्यानं तो कागद स्वतःच सुपरवायझरला नेऊन दाखवला, कारण तो तसलाच माणूस आहे. सुपरवायझरनं नियमावर बोट ठेवलं आणि त्याला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. आता तो दिवसभर खिडकीतून लोकांना ड्रिल आणि हातमोजे देतो आणि सही घेतो.

शेवटी लिहिलं होतं, ‘हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मला होत नाही. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहाच विचारला. चूक तुमची आहे तितकीच माझीही आहे. तुम्ही याल का? रविवारी तो सकाळी घरीच असतो.’

शिफारसबाईनं पत्र दोनदा वाचलं. मग हेडफोन लावून ‘ओला जिना’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद. शेवटचं अर्धं मिनिट नुसती गिटार होती, आणि तीही विरत गेलेली.

ती संपादकाच्या खोलीत गेली. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोळ्यांखाली कायम काळं असायचं. त्यानं पत्र वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला.

“म्हणजे कुणाच्या लक्षातच आलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“उलट तिघांना शीळ आवडली.”

“हो.”

“मग आता तो मजकूर गुपचूप दुरुस्त करून टाका. ती दोन वाक्यं काढा. झालं.”

“त्या माणसाचं काय?”

“त्याचे कान तुम्ही थोडेच खराब केलेत, बाई. ते झालेलेच होते.”

हे खरं होतं. तरी घरी जाताना बसमध्ये तिला ते वाक्य काही केल्या गिळवेना. संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. तो काचा पुसत होता. तिनं सगळं सांगितलं.

“चार वेळा ऐकलं असं लिहिलंस?” त्यानं विचारलं.

“लिहिलं.”

“चार कशाला? दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं की.”

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. तो म्हणाला, “मी एकदा एका बाईंना उलट्या नंबरचा चष्मा दिला होता. डावा उजवीकडे. महिनाभर त्या म्हणत होत्या, डोकं दुखतं, पण दिसतं छान. नंतर सांगायला गेलो तर त्या माझ्यावर भडकल्या. का सांगितलं म्हणून.”

“मग? सांगू नको म्हणतोस?”

“तसं कुठे म्हणालो. भडकतील एवढंच सांगतोय.”

रविवारी अकराच्या सुमारास ती पत्त्यावर पोचली. दुसरा मजला, दाराबाहेर दोन जोड बूट. दार लॅबवालीनं उघडलं. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेली, आवाज गाण्यातल्यापेक्षा बारीक. “आलात,” एवढंच ती म्हणाली.

स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली होती. भिंतीला लावलेलं घडीचं टेबल, तीन स्टुलं, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. दादा जमिनीवर बसून ड्रॉवरची पट्टी कानशीनं घासत होता. अंगानं मोठा, हात मात्र नाजूक कामाचे, नखं बारीक कापलेली. पट्टी तो मधूनमधून डोळ्यांसमोर धरून बघत होता.

“तुम्ही यादीवाल्या बाई,” तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. “बसा. जरा मोठ्यानं बोला हां, माझ्या कानाचं काम चालू आहे. पुढच्या आठवड्यात मशीन मिळणार आहे. मग तुम्ही लिहिलंय ते ऐकून बघेन.”

बहिणीनं ओट्याकडे तोंड फिरवलं.

शिफारसबाई स्टुलावर बसली.

“मी ते गाणं ऐकलं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“मी ते गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं,” ती मोठ्यानं म्हणाली. खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. “पूर्ण न ऐकताच लिहिलं.”

दादानं कानस खाली ठेवली. “चार वेळा ऐकलं असं लिहिलंय.”

“ते खोटं होतं.”

“चारही?”

“चाळीस सेकंद ऐकलं. एकदा.”

त्यानं थोडा विचार केला. माणूस माप घेतो, ते चुकीचं वाटतं, आणि परत घेतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. “मग शीळ आहे हे कसं कळलं?”

“सोबतच्या माहितीत लिहिलं होतं. यांनी.”

तो बहिणीकडे वळला. ती अजून पाठमोरी होती. “ती नाहीये, दादा,” ती म्हणाली. पण हे तिनं हळूच म्हटलं आणि त्याला ऐकू आलं नाही. त्यानं शिफारसबाईकडे पाहिलं.

“काय म्हणते ती?”

म्हणजे तेही शिफारसबाईलाच सांगावं लागलं. “गाण्यात शीळ नाहीये. आधी होती. नंतर काढली.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“का काढली?” त्यानं विचारलं.

आता बहीण वळली आणि त्याच्यासमोर येऊन जमिनीवरच बसली. “सुरात नव्हती. खाली लागली होती. रेकॉर्डिंगवाला म्हणाला आणि मला पटलं.”

“कधी?”

“पाच महिने झाले.”

“पाच महिने तू रोज रात्री माझ्या ताटात वाढतेस.”

“हो.”

“हेडफोन साधा आहे म्हणालीस.”

“म्हणाले.”

तो तिच्यावर ओरडेल असं शिफारसबाईला वाटलं. तो ओरडला नाही. त्यानं पट्टी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. “म्हणजे मला ऐकू येत नव्हती, कारण ती नव्हतीच,” तो म्हणाला. “आणि कान गेलेत, तेही खरं.”

“दोन्ही खरं,” बहीण म्हणाली. “दादा, एका अर्थी बरंच झालं. कान वेळेवर—”

“बरंच झालं म्हणू नकोस. डॉक्टर म्हणाले, सुपरवायझर म्हणाला, त्या स्टोअरमधला म्हातारा म्हणाला. तू तरी म्हणू नकोस.”

शिफारसबाई म्हणाली, “मी तुमच्या कारखान्यात काही लिहून देऊ का? घडलं ते सगळं?”

“काय लिहिणार? ऐंशी शब्द?”

हे जरा जास्तच झालं असं त्यालाही वाटलं असावं, कारण पुढे तो खालच्या आवाजात बोलला, म्हणजे त्याच्या मानानं खालच्या. “त्यांनी काढलं ते कानांमुळे. कान काही खोटे नाहीत. तुम्ही लिहून दिलं तरी तपासणीच्या कागदावरची रेघ वर जायची नाही. पण मला कळलं नसतं तर आणखी चार वर्षं मी तिथे उभा राहिलो असतो. बहिरा होईपर्यंत राहिलो असतो. आणि मला ते चाललं असतं, एवढंच.” मग त्यानं विचारलं, “आठवड्याला किती लिहिता?”

“सात.”

“आणि ऐकता किती?”

“पूर्ण? दोन. कधी तीन.”

तो मान हलवत राहिला. तिला वाटलं, आता हा कामाच्या इमानावर चार गोष्टी ऐकवणार. त्याची तिनं तयारीही केली होती.

“आमच्याकडे घडवलेला प्रत्येक जॉब मोजायचा असतो,” तो म्हणाला. “मायक्रोमीटर लावून. शिफ्ट संपताना शेवटचे दहा-बारा मीही न मोजता पेटीत टाकलेत. हात बसलेला असतो, बरोबरच असणार असं वाटतं. बरेचसे असतातही बरोबर. पण एखादा कुठे गेला, कुणाच्या मशीनमध्ये बसला, काय झालं, कुणास ठाऊक. माझ्या दारात कुणी आलं नाही एवढंच.” जरा थांबून त्यानं विचारलं, “तुम्हाला दारात यायला कुणी सांगितलं?”

“यांनी बोलावलं.”

“नाहीतर आला नसतात.”

“नसते आले,” ती म्हणाली. “मला माहीतच नव्हतं.”

बहिणीनं चहा केला. कुणाला नको होता, पण तिघांनीही घेतला. अर्धा कप झाल्यावर दादा म्हणाला, “आधीचं आहे का तुझ्याकडे? शीळवालं?”

तिच्या फोनवर होतं. तिनं ते लावून फोन टेबलावर ठेवला. दादा उठून स्टुलावर बसला आणि त्यानं डावा कान फोनला जवळजवळ टेकवला. शिफारसबाईही ऐकत होती. पहिले चाळीस सेकंद ओळखीचे होते. मग पुढे जिन्यावरून उतरणाऱ्या कुणाबद्दलच्या दोन ओळी, त्या चांगल्या होत्या. मधलं कडवं जरा रेंगाळलं. आणि शेवटी शीळ आली. साधी, चार-पाच सुरांची. मागे पंख्याची घरघर होती. शीळ गिटारच्या किंचित खाली चालत होती, सबंध वेळ.

दादानं मान वर केली. “येते. बारीक, पण येते.” मग म्हणाला, “परत लाव.”

दुसऱ्यांदा ऐकून तो सरळ बसला. “खाली लागलीय.”

“थोडीशी,” बहीण म्हणाली.

“थोडीशी नाही.” तो शिफारसबाईकडे वळला. “आता ऐकलंत ना पूर्ण? दोनदा. आता सांगा.”

चार दिवसांपूर्वी तिनं काय सांगितलं असतं ते तिला पाठ होतं. त्या शिळेचा कच्चेपणाच कसा खरा आहे, बेसूरपणातही कसा जिव्हाळा आहे. हे सगळं तिच्या कागदावर तारखांसकट लिहिलेलं होतं.

“शीळ काढली ते बरोबर केलं,” ती म्हणाली. “आणि मधलं कडवं लांबलंय. जिन्याच्या दोन ओळी चांगल्या आहेत. बाकी गाणं ठीक आहे.”

“ठीक?” बहिणीनं विचारलं.

“ठीक.”

बहिणीनं कप उचलले आणि ती ओट्याकडे गेली. बराच वेळ नळ चालू राहिला. कप तीनच होते.

दादा दारापर्यंत सोडायला आला. बूट घालताना शिफारसबाईनं त्याला सॉरी म्हटलं. इतका वेळ तो शब्द राहूनच गेला होता. त्याला ऐकू आलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, “जिना सांभाळून उतरा, तिसऱ्या पायरीची कड तुटलीय,” आणि त्यानं दार लावलं.

सोमवारी तिनं यादीच्या वर टाकायला चार ओळी लिहिल्या. ‘ओला जिना या गाण्यात शीळ नाही. मी ते गाणं पूर्ण न ऐकता त्याच्याबद्दल लिहिलं, आणि चार वेळा ऐकलं असंही लिहिलं. त्यामुळे एका माणसाला त्रास झाला. गेल्या काही वर्षांत अशी आणखी किती गाणी मी न ऐकता सुचवली, ते मला सांगता येणार नाही.’

संपादक म्हणाला, “शेवटचं वाक्य काढा.”

“तेच तर खरं आहे.”

“म्हणूनच काढा म्हणतोय.” त्यानं डोळे चोळले. “बाई, मी भांडत नाही तुमच्याशी. पण ते वाक्य राहिलं तर यादी राहत नाही, इतकं साधं आहे.”

“वाक्य ठेवा,” ती म्हणाली. त्यानं ठेवलं. त्याच्याबद्दल हे सांगायला हवं. आठवडाभर बरंच काही आलं. काहींनी शाब्बास म्हटलं, काहींनी खिल्ली उडवली, आणि दोन गायकांनी विचारलं की आमचं गाणं ऐकलं होतंत का. एकाचं ऐकलं होतं, एकाचं नव्हतं. तिनं दोघांना तसं कळवलं. ज्या तिघांना शीळ आवडली होती, ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यापासून यादी तिच्या हातून गेली. ऑफिसातले तिघं-चौघं मिळून ती करायला लागले आणि तिच्या वाट्याला आठवड्याला दोन गाणी आली. उरलेल्या वेळात तिला दुसऱ्यांचं लिखाण तपासायला दिलं. कुणी तिचा अपमान केला असं नाही. तिलाही हायसं वाटेल अशी अपेक्षा होती, पण तसंही काही झालं नाही. दोन गाण्यांसाठी ती आता दहा-बारा गाणी शेवटपर्यंत ऐकायची, आणि ती ऐकणं हे निव्वळ काम होतं, भांडी घासल्यासारखं. पहिल्या वर्षीचा उत्साह परत आला नाही. तो येईल असं तिला वाटतही नव्हतं. काही आठवडे तिनं दोनऐवजी एकच गाणं दिलं, कारण दुसरं सापडलं नव्हतं. एकदा एकही दिलं नाही.

लॅबवालीनं नवीन गाणं काढलं. तिनं ते शिफारसबाईला पाठवलं नाही. शिफारसबाईनं शोधून ऐकलं. त्यात मधलं कडवं नव्हतंच.

थंडी पडायला लागली होती तेव्हा एका दुपारी तिला दादाचा निरोप आला. कानाचं मशीन मिळून दोन महिने झाले होते. त्यानं लिहिलं होतं, की चमचा बशीवर ठेवला तरी खिळा ठोकल्यासारखं वाटतं, बायकांचे आवाज पत्र्यासारखे येतात, आणि स्टोअरमध्ये रेडिओ चालू असतो तो मला सोसत नाही. खालच्या आवाजाची, जाड सुरांची गाणी असतील तर सांगा. तुम्ही ऐकलेलीच सांगा.

तिनं दोन दिवस शोधलं. एका माणसानं चेलो आणि टाळ्या एवढ्यावर केलेलं एक गाणं सापडलं. तिनं ते तीनदा ऐकलं आणि पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘नाही.’

पुढच्या आठवड्यात दुसरं पाठवलं. ‘नाही. मध्ये पत्रा आहे.’ तिनं पुन्हा ऐकलं. दुसऱ्या मिनिटाला झांजेचा एक बारीक ठोका होता, तो तिच्या लक्षातच आला नव्हता.

तिसरं गाणं निवडायला तिला सबंध आठवडा लागला. ते तिनं दुकानात नवऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, मला काही कळत नाही, पण डोकं दुखत नाही. तिनं ते पाठवलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आलं.

‘हे चालेल. एकदा लावलं. सोमवारी परत लावेन.’

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला, दुसऱ्या कुणाचंसं लिखाण समोर ओढलं आणि त्यातल्या चुका काढायला लागली.